उघड्या गाडीवर पोलादी टप

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या जळकोटात उघडी गाडी म्हणजे जीप. वर ताडपत्रीचं हूड, बाजूला गुंडाळून बांधलेले पडदे, पुढे बिजागरीवर आडवी पाडता येणारी काच. उदगीरला जाणं असो, मुखेडला असो की थेट नांदेडला, या भागातल्या एका पिढीचा कितीतरी प्रवास असल्याच गाड्यांतून झाला आहे. हूड पावसाळ्यात शिवणीशिवणीतून गळतं, उन्हाळ्यात धूळ आणि झळ दोन्ही आत घेतं, आणि चार-पाच वर्षांत कडेला विरतं. मग कुणीतरी सुचवतं की रोजची कटकट नको, वरून पत्र्याचा टप मारून घ्या. उदगीर, लातूर, नांदेडच्या गॅरेजांत अशा कामाला हात लावणारे कारागीर मिळतात, पत्रा मिळतो, वेल्डिंग मशीन तर गल्लोगल्ली आहे. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की टप हे झाकण नव्हे. बंद गाडीत टप हा सांगाड्याचा अवयव असतो आणि उघड्या गाडीचा सांगाडा त्या अवयवाशिवाय जगायचं ठरवूनच घडवलेला असतो. त्याच्यावर मागाहून पोलाद चढवलं की गाडीतल्या ताणांच्या वाटा बदलतात. हे ध्यानात घेऊन केलेलं काम पंचवीस वर्षं टिकतं. न घेता केलेलं काम पहिल्या दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून चिरतं.

काडेपेटी हातात घ्या. आतला खण बाहेर काढून दोन टोकांना धरून पिळला तर सहज पिळतो. तोच खण वेष्टनात सरकवून पिळून पाहा, चटकन दाद देत नाही. कागद तोच आहे, जाडी तीच आहे. फरक इतकाच की चारही बाजूंनी मिटलेली पेटी पीळ सगळ्या भिंतींत वाटून घेते, आणि वरून उघड्या खणाला तो वाटायला जागाच नसते. गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि मागचं उजवं उंचवट्यावर आलं की बॉडीवर नेमका हाच पीळ येतो. बंद गाडीत तो टप पेलणाऱ्या उभ्या खांबांतून, म्हणजे पिलरमधून, टपात चढतो आणि पलीकडच्या पिलरने खाली उतरतो. उघड्या गाडीत ही वाट तुटलेली, म्हणून सगळा भार खालच्या तळावर पडतो.

उघडी गाडी बांधणारे मग तळ मजबूत करतात. हे दोन रीतींनी होतं, आणि टप बसवायच्या आधी आपली गाडी कोणत्या रीतीची आहे हे ओळखणं ही या कामाची पहिली पायरी आहे.

जीप पहिल्या रीतीची. खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर रबराच्या चकत्या ठेवून बोल्टांनी आवळलेली पत्र्याची बॉडी. विलिस कंपनीची ही गाडी महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जोडायला घेतली आणि तिची वंशावळ आजही चालू आहे. या बांधणीत चासीने थोडं पिळणं अपेक्षितच असतं. डोंगरातल्या वाटेवर चारही चाकं जमिनीला टेकून राहतात त्यात या लवचिकपणाचा वाटा आहे. बॉडी रबरावर बसलेली असल्यामुळे तो पीळ तिच्यापर्यंत कमी पोचतो, पण पोचतो. पुढच्या काचेची चौकट तर बिजागरीवरच उभी असते, म्हणजे ती भार घेण्यासाठी मुळात केलेलीच नाही.

आता या जीपवर ताठ पोलादी टप बसवा, पुढून काचेच्या चौकटीला आणि मागून बॉडीच्या कडांना पक्का वेल्ड करा. चासी पिळते, बॉडी थोडी पिळते, टप मात्र पिळायला तयार नाही. मग सगळा हट्ट कोपऱ्यांवर येतो. आधी रंगाला केसासारखी रेघ दिसते, तिच्यातून गंजाचा ओघळ येतो, आणि लांबी भरून वर रंग मारला तरी सहा महिन्यांत रेघ पुन्हा उमटते. मिस्त्री ‘वेल्डिंग कच्चं राहिलं’ म्हणून त्यावर आणखी वेल्ड चढवतो. दोष बहुतेक वेळा वेल्डिंगचा नसतोच. जो सांधा हलणार होता तो हलू दिला नाही, हा दोष असतो.

म्हणून चासीवाल्या गाडीला टप बोल्टांनी बसवावा. बॉडीच्या कडेवर सलग रबराची पट्टी, तिच्यावर टपाची किनार, बोल्टांची भोकं किंचित लांबोळी, आणि बोल्टाखाली रुंद वॉशर. असा टप पाऊस-ऊन अडवतो, पण सांगाड्यात नाक खुपसत नाही. पोलादी टपाची जीपसुद्धा कारखान्यात बनली आहे, फक्त तिची बॉडीच तशी घडवली होती. विलिसने १९४६ मध्ये आणलेल्या स्टेशन वॅगनचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा होता. त्यांनी जीपचं तोंड तसंच ठेवलं आणि मागे सर्व पोलादाची बंद बॉडी दिली. जीपच्या मूळ खणावर टोपी चढवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. आपल्याकडे मारुती जिप्सीही सॉफ्ट टॉप आणि हार्ड टॉप अशा दोन्ही रूपांत विकली गेली, आणि २०२० मध्ये आलेल्या नव्या थारलाही दोन्ही पर्याय मिळाले. थारचा हार्ड टॉप पोलादाचा नाही, साच्यात घडवलेल्या कॉम्पोझिटचा आहे. गाडी उलटली तर भार घ्यायला आत पोलादी रोलकेज आहे. भार एकाने घ्यायचा, पाऊस दुसऱ्याने अडवायचा, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

दुसरी रीत स्पोर्ट्‌स गाड्यांची, आणि खरी गंमत तिथे आहे. इंग्लंडच्या एमजी कंपनीची एमजीबी १९६२ मध्ये आली तेव्हा तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याचीच बॉडी, तीच सांगाडा. टप नाही, त्यामुळे दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा यांवर सगळी मदार. एमजीबीची सिल बाहेरून एक पत्रा दिसते, पण आत आणखी पडदे असतात, आणि त्या सगळ्यांची मिळून पेटी बनते. बाहेरचा पत्रा गंजला म्हणून नुसता नवा तुकडा चिकटवला आणि आतले पडदे सडलेलेच राहिले, तर गाडी दिसायला ठणठणीत आणि मधून वाकलेली अशी राहते.

त्याच एमजीबीला १९६५ मध्ये कंपनीनेच पक्का पोलादी टप दिला आणि तिचं नाव एमजीबी जीटी ठेवलं. टपाची आखणी इटलीच्या पिनिनफारिनाकडून करून घेतली होती. उघड्या गाडीची पुढची काच बुटकी असते. तिच्याच उंचीवर टप टाकला तर आत बसणाऱ्याचं डोकं लागतं आणि गाडी बाहेरून दबलेली दिसते. जीटीला म्हणून काचच उंच दिली, चौकट बदलली, मागे वर उघडणारं दार दिलं. वजन वाढलं तसा सस्पेन्शनलाही हात लावावा लागला. गाडी वेग घ्यायला किंचित मंद झाली, पण सरळ रस्त्यावर तिचा कमाल वेग उघड्या गाडीहून थोडा जास्त निघाला, कारण मागे उतरत जाणाऱ्या टपावरून हवा नीट वाहते. उघड्या गाडीत ती काचेवरून उडी मारून आत घोटाळते.

कंपन्यांनीच केलेल्या आणखी दोन कामांतून बरंच शिकता येतं. बीएमडब्ल्यूच्या बुर्कहार्ड ग्योशेल यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांनी उघड्या झेड-थ्रीवर पक्का टप चढवून जी कूपे बनवली, ती १९९८ मध्ये बाजारात आली. पिळाला विरोध करण्याची तिची ताकद उघड्या गाडीच्या अडीच पटींहून अधिक भरली. माझदाने २००३ मध्ये आपल्या छोट्या रोडस्टरची कूपे फक्त जपानसाठी आणि अगदी मोजक्या संख्येने बनवली. तिचं वजन उघड्या गाडीपेक्षा जेमतेम १० किलोंनी जास्त होतं. पोलादी टप आणि वाढ फक्त १० किलो? टप सांगाड्यात सामील झाला की तोच भार उचलू लागतो. मग ताडपत्रीचं हूड, त्याची घडीची चौकट, तिची यंत्रणा हे सगळं उतरवता येतं. टपाला काम दिलं की त्याचं वजन फुकट जात नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की टपाने एकतर काहीच भार घेऊ नये किंवा पुरता घ्यावा. काहीच घ्यायचा नसेल तर बोल्ट आणि रबर. पुरता घ्यायचा असेल तर सिलपासून सुरू होऊन वर जाणारे पोकळ पेटीसारखे पिलर, पुढे तशीच उंच चौकट, दोन्हीकडे टपाच्या कडेने जाणारी बंद पट्टी, आणि मग पत्रा. मधली तडजोड, म्हणजे दाराच्या वरच्या कडेवर चार पाईप उभे करून त्यावर पत्रा ठोकणे, ही सगळ्यांत वाईट. पत्र्यात स्वतःची ताकद फार थोडी. ताकद चौकटीत असते, पत्रा त्या चौकटीला तिरकं होऊ देत नाही.

आपल्याकडे तयार झालेल्या उघड्या स्पोर्ट्‌स गाड्यांना तर हा पोलादी मार्ग सरळ लागूच पडत नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आणि अलिबागजवळ बनलेली चिंकारा रोडस्टर या दोन्हींची बॉडी फायबरग्लासची. चिंकाराला अँबॅसडरमध्ये बसायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं. फायबरग्लासला पोलाद वेल्ड होत नाही, आणि नुसत्या बोल्टांनी आवळलेला जड टप खड्ड्याखड्ड्याला भोकांभोवतीचं फायबर कुरतडत जातो. अशा गाडीला टप हवाच असेल तर तोही फायबरग्लासचा घ्यावा आणि त्याचे आधार आतल्या धातूच्या चौकटीपर्यंत न्यावेत.

वजनाचं गणित करून बघू. पोलादाचा २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो आणि एका चौरस मीटरला सात किलोंच्या आसपास भरतो. १८ गेजचा १.२ मिलिमीटरचा पत्रा साडेनऊ किलोंच्या आसपास जातो. दोन माणसांच्या गाडीच्या टपाला दोन चौरस मीटर पत्रा धरला, त्यात पाईप, मागची काच, आतलं अस्तर मिळवलं, तर एकूण ३५ किलो सहज होतात. गाडी ९०० किलोची असेल, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल आणि टपाचं वजन १२० सेंटिमीटरवर बसलं, तर गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरने वर सरकतो. वळणावर गाडी जराशी जास्त कलंडते, पण यातून मोठा अनर्थ होत नाही.

अनर्थ होतो तो दुसऱ्या हिशेबाने. पोलादी टप आला की त्याच्यावर कॅरिअर येतं, आणि कॅरिअर आलं की पोती येतात. वडापच्या जीपवर तर माणसंही बसलेली आपण पाहिली आहेत. १३०० किलोची जीप घ्या, गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरा, आणि टपावर दोन मीटर उंचीवर २०० किलो लादा. गुरुत्वमध्य ८३ सेंटिमीटरवर जातो. अठरा सेंटिमीटरची ही वाढ घाटातल्या वळणावर गाडी उलटण्याइतकी मोठी ठरू शकते. हूडवर कुणी ओझं ठेवत नाही. टपावर ठेवायचा मोह होतो, आणि म्हणून घरगुती बनावटीच्या टपावर कॅरिअर कधीच बसवू नये असं मी आग्रहाने सांगेन.

गाडी उलटली तर पत्रा वाचवेल हा समजही सोडून द्यायला हवा. अमेरिकेत १९७३ पासून मोटारींच्या टपाला नियम लागू झाला: गाडीच्या वजनाच्या दीडपट दाब टपाच्या कोपऱ्यावर दिला तरी तो ठराविक मर्यादेपेक्षा आत दबता कामा नये. २००९ मध्ये हा दाब गाडीच्या वजनाच्या तिप्पट ठरवला. ही कसोटी पिलर आणि त्यांच्या बुंध्यांची असते. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत उघड्या गाड्यांवरच बंदी येईल अशी धास्ती मोटार कंपन्यांना होती. ट्रायम्फने १९७५ मध्ये टीआर-सेव्हन आणली ती बंद टपाची, आणि तिचं उघडं रूप येईपर्यंत १९७९ उजाडलं. त्या बंदीचा नियम कधी आलाच नाही, पण त्या भीतीने एका पिढीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा आकार बदलला.

आता प्रत्यक्ष कामाकडे. टपाचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट फरशीवर उभी असताना घ्यायचं. गाडी जॅकवर किंवा मधोमध लाकडी ओंडक्यावर उचललेली असेल तर उघडी बॉडी दोन्ही टोकांनी खाली झुकते आणि दारांच्या फटी वरून उघडतात. त्या अवस्थेत टप वेल्ड झाला तर तो झोल कायमचा आत कोंडला जातो. नंतर गाडी खाली उतरवली की दारं लागत नाहीत, मग बिजागऱ्या वाकवल्या जातात, कुलपं घासली जातात. जुना जाणता डेंटर आधी सिल ठोकून गंज तपासतो, दारं लावून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवतो, आणि सिल कापायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत आडवा पाईप टाके मारून लावतो, म्हणजे चौकट मिटत किंवा फाकत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवायची, यात हयगय नको.

पत्रा सपाट ठेवू नये. सपाट पत्रा वाऱ्याने आणि इंजिनच्या थरथरीने ढोलासारखा घुमतो, आणि वेल्डच्या उष्णतेने त्याला लहरी येतात. किंचित घुमट दिला की तोच पत्रा ताठ होतो. मर्सिडीजच्या १९६३ च्या २३० एसएलचा काढता येणारा टप मध्यभागी खोलगट आणि कडांना उंच होता, त्यावरून लोकांनी त्या गाडीला पॅगोडा म्हटलं. वक्रता बाहेरची असो की आतली, तिच्यामुळे पातळ पत्र्याला ताकद येते. एसटीच्या टपावरच्या आडव्या घड्याही त्याच कामाच्या. वेल्ड सलग ओढायचा नाही. इथे एक टाका, तिथे एक, मध्ये थंड होऊ द्यायचं. सीओटू वेल्डिंग असेल तर उष्णता कमी पसरते आणि पातळ पत्र्याला ते गॅस वेल्डिंगपेक्षा मानवतं.

मोटारीच्या टपाचं पोलाद हे तसं नवंच प्रकरण आहे. विसाव्या शतकाच्या तिशीपर्यंत ज्यांना बंद मोटारी म्हणत, त्यांच्याही टपाचा मधला भाग बहुधा कापडाचाच असे, कारण एवढ्या रुंदीचा एकसंध पत्रा दाबून काढणं जमत नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांसाठी एका तुकड्याचा पोलादी टप आणला तेव्हा त्याची मोठी जाहिरात केली. अशा टपाच्या नेहमीच्या तक्रारी दोन, घुमण्याची आणि तापण्याची.

तापण्याचं मराठवाड्यात वेगळं सांगायला नको, पत्र्याखाली राहिलेली माणसं इथे घरोघरी आहेत. मेच्या दुपारी पोलादी टप हाताला चटका देण्याइतका तापतो आणि ती धग आत डोक्यावर ओतत राहतो. वरून पांढरा किंवा फिकट रंग, आतून नमदा आणि त्याखाली रेक्झीनचं अस्तर, हा कुशनवाल्याकडचा जुना उपाय आजही चांगला आहे. पण नमद्याने ओल धरली की वरचा पत्रा आतून सडतो. म्हणून अस्तर लावण्याआधी आतल्या बाजूला गंजरोधक प्रायमर दोनदा मारावा आणि पोकळ पिलरांना खाली पाणी निघायला भोकं ठेवावीत. उष्णतेने पोलाद लांबतंही. सव्वा मीटर रुंदीचा टप पहाटेच्या वीस अंशांवरून दुपारी पासष्ट अंशांवर गेला तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो. काच त्याहून कमी वाढते. ती रबराच्या बीडिंगमध्ये सैल बसलेली असेल तर काही होत नाही. पत्र्याला घट्ट भिडवली तर एखाद्या दुपारी ती आपोआप तडकते.

पाण्यासाठी दारांच्या वर पन्हळ हवीच. घरगुती टपात हीच हमखास विसरली जाते, आणि मग पावसात दार उघडलं की टपावरचं सगळं पाणी मांडीवर येतं. पत्र्याचा साधा कोन वळवून कडेने लावला आणि त्याला पुढे-मागे उतार दिला तरी पुरतं.

आता कागदपत्रं, कारण गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर तोही कामाचाच भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. नोंदणीपुस्तकात बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी परिवहन कार्यालयात नेली की निरीक्षक तो रकाना आणि समोरची गाडी ताडून बघतो. म्हणून पत्रा कापण्याआधी तिथे लेखी विचारावं, आणि विमा कंपनीलाही कळवावं.

गाडी खरोखर जुनी असेल तर आणखी मोठी गोष्ट पणाला लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा ही तिची अट आहे. साठीच्या दशकातल्या एखाद्या उघड्या गाडीला सिलपासून पिलर उभे करून पक्का पोलादी टप वेल्ड केला, तर काम कितीही सुबक झालं तरी या अटीत ती बसणं कठीण. त्या काळातल्या कित्येक स्पोर्ट्‌स गाड्यांना कंपनीच सुटा, बोल्टांनी बसणारा हार्ड टॉप देत असे. ट्रायम्फ स्पिटफायरचा तसा टप पोलादाचाच होता. अशा गाडीच्या मालकाने त्या नमुन्यावरून सुटा टप करून घ्यावा, हूडच्या मूळ चौकटीला ग्रीस लावून ती कोरड्या जागी ठेवावी, आणि काढलेला प्रत्येक नट-बोल्ट, वॉशर, बिजागरी नाव लिहिलेल्या पिशवीत घालून त्याच चौकटीला बांधून ठेवावी.